चौथी ओळ

टण!

वाटीवर चमचा वाजला तसा किल्लीवाला थांबला.

"चुकलो?"

बायकोने डाव्या हातातला चमचा पुन्हा उचलून दाखवला. चुकलात, आणि वर मलाच विचारताय!

"बरं बाई, परत." पितळेच्या भुग्याने पिवळं झालेलं बोट त्याने वहीतल्या चौथ्या ओळीवर ठेवलं, आणि मधला 'इ' गिळून पुन्हा तस्संच चुकीचं म्हटलं, "नुझाव्हाँ फेर्मे."

टण!

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ थोडे हलले. शब्द काही बाहेर पडला नाही.

तीस वर्षं या आतल्या खोलीत तिने फ्रेंचच्या शिकवण्या घेतल्या. पुढच्या खोलीत त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान, मध्ये प्लायवूडची भिंत. कुणी चुकलं की ती रागवायची नाही, वाटी वाजवायची आणि बरोबर रूप स्वतः म्हणून दाखवायची. सरळ चालीच्या क्रियापदांसाठी तिचा ठरलेला नमुना होता 'फेर्मे', म्हणजे 'बंद करणे'. "घडून गेलेल्या गोष्टीच्याही आधी काय घडलं होतं, ते सांगायला हा काळ," असं ती पोरांना सांगायची. "मी बंद केलं होतं, तू बंद केलं होतंस. अर्थ विसरलात तर बाहेर जा, आमच्या ह्यांच्याकडे हवी तेवढी कुलपं आहेत!"

त्याला फ्रेंचमधला फ कळत नाही, असं सगळी गल्ली समजून होती. पण कानसीचा आवाज थांबला की भिंतीपलीकडून 'मी'पासून 'ते'पर्यंतची सहा रूपं ऐकू यायची, आणि तीस वर्षांत ती त्याला तोंडपाठ झाली होती. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. तिने त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता काही यायचं नाही. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "जे आयुष्यभर तोंडात घोळलंय ते आधी परत येतं. त्यांना चुका सुधारायला लावा." म्हणून गेला महिनाभर तो रोज दुपारी वही घेऊन बसायचा आणि चुकायचा. वाटी वाजायची, पण पुढचं बरोबर रूप काही यायचं नाही. आता बाई म्हणत होत्या की सोमवारपर्यंत एखादा शब्द आला नाही, तर चित्रांचा तक्ता आणू. पाणी हवं तर पेल्यावर बोट ठेवायचं. अख्ख्या गल्लीच्या पोरांना बोलतं करणारी आपली बायको पेल्याच्या चित्रावर बोट ठेवणार! आणि आज रविवार होता.

"अहो, किल्ली झाली का?" बाहेरून गिऱ्हाइकाची हाक आली.

तो उठून गेला. घाईघाईने किल्ली घासली, कुलपात घालून बघितली, तर फिरेना.

"काय हो, आज लक्ष कुठंय?" गिऱ्हाईक हसलं. "तुमच्या हातची किल्ली आणि लागत नाही?"

"उद्या या. फुकट करून देतो."

तो परत येऊन बसला. वही उघडायचंही भान राहिलं नाही. डोक्यात सोमवार, तोंडाने आपलं चालूच.

"झाव्हे फेर्मे. त्यु आव्हे फेर्मे. इल आव्हे फेर्मे. नुझाव्हियाँ फेर्मे..."

टण!

तो दचकला. आता काय चुकलं?

बायको त्याच्याकडे रोखून बघत होती. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावरची शीर फुगली.

"नु... झा... व्हाँ."

वही त्याच्या मांडीवरून खाली घसरली. बोलली! तीन महिन्यांनी बोलली, आणि त्याने रोज घोकलेली चूकच बोलली. आनंदाने हसावं की कपाळ बडवून घ्यावं, त्याला कळेना. तिची तीस वर्षांची विद्या आपण महिनाभरात नासवली की काय!

"अगं, नाही गं," तो तिचा हात धरून काकुळतीने म्हणाला. "नुझाव्हाँ नाही. नुझाव्हियाँ. ते मी मुद्दाम चुकत होतो. सगळं येतं मला. नुझाव्हियाँ, वुझाव्हिये, इल्झाव्हे. तू भिंतीपलीकडे शिकवायचीस, मी इकडे ऐकायचो..."

तो बोलता बोलता थांबला. तिच्या ओठांचा एकच कोपरा वर गेला होता, दुसरा अजून जात नव्हता. पण डोळे पुरते हसत होते. चोरून उत्तर लिहिणारं पोर पकडल्यावर ती अशीच हसायची.

"ल... बाड," ती म्हणाली.

त्याला डोळे पुसायचे होते, पण बोटं पितळेच्या भुग्याने भरलेली. त्याने बाहीनेच पुसले. मग तिच्या हातातला चमचा काढून घेतला, वाटी आपल्यापुढे ओढली आणि खाली पडलेली वही उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"हं," तो म्हणाला. "आता तू. पहिल्यापासून."