दहा मापे नुसता गहू

माझे वय विचारू नका, मित्रांनो. अंगावरचा गंज बघा आणि काय तो अंदाज बांधा. मी एक जुनी भरडचक्की आहे. पिठाची गिरणी नव्हे बरे का! पीठ पाडणे हा आमच्या घराण्यात गुन्हा समजतात. दोन पोलादी रूळ, वर धान्य ओतायचे पत्र्याचे नरसाळे, बाजूला लाकडी मुठीचा दांडा आणि रुळांमधली फट कमीजास्त करणारी एक पितळी कळ, एवढाच माझा संसार. दाणा फुटावा पण त्याचे टरफल शाबूत राहावे, हे माझे काम. करून बघा, म्हणजे कळेल किती नाजूक आहे ते.

मला बनवले वीटुसने. तेव्हा तो लेथवर काम करणारा तरुण होता आणि घरच्या घरी गव्हाची बिअर करायचे त्याला भारी वेड. त्याने माझे रूळ स्वतः कातले, मला तळघरात नेले आणि चार जाड स्क्रूंनी भिंतीलगतच्या ओट्यावर आवळून टाकले. हात झटकत बायकोला म्हणाला, "आता ही कुठं जात नाही!"

खरेच गेले नाही हो कुठे. छपन्न वर्षे झाली.

तळघराला एकच खिडकी, तीही छताजवळ, बाहेरच्या रस्त्याला टेकलेली. त्यामुळे जर्मनीतल्या ह्या बव्हेरियन गावातल्या एकाही माणसाचा चेहरा मी त्या खिडकीतून पाहिलेला नाही. बूट मात्र सगळ्यांचे ओळखते! पाद्रीबाबांचे चकचकीत, दूधवालीचे रबरी. हिवाळ्यात बर्फाने खिडकी बुजली की तेही नाहीत. मग मी, अंधार आणि बटाट्यांची पोती.

पण कामाचे दिवस आले की काय थाट! मोड आणून भट्टीत सुकवलेल्या धान्याला इथे माल्ट म्हणतात. वीटुस त्याच्या पिशव्या माझ्यासमोर मांडून बसायचा आणि एकेक दाणा चावून बघायचा. गव्हाचा, सातूचा म्हणजे बार्लीचा, जरा जास्त भाजलेल्या तांबूस सातूचा. एखादा दाणा दाताखाली मऊ लागला, की ती पिशवी सरळ परत. गव्हाने बिअरला ढगासारखा धूसरपणा येतो आणि वर फेसाची टोपी चढते. सातूला टरफल असते, गव्हाला नसते, आणि सगळी मेख त्या टरफलात आहे. भरड मोठ्या भांड्यात गरम पाण्याने भिजवली, की त्याच्या खालच्या तोटीतून गोड रस काढायचा असतो. टरफलांच्या थरातून तो गाळून येतो. टरफले नसली तर रस आतच अडकतो, मी ह्या ओट्यावर अडकले आहे तसा. अग्निशामक दलाच्या जत्रेत वीटुसच्या बिअरचे पिंप सगळ्यांत आधी रिकामे व्हायचे. लोक बिअरची तारीफ करायचे आणि तो म्हणायचा, "माझं काय, चक्की चांगली आहे." हे मी स्वतः ऐकलेले नाही, पण त्याने मला येऊन सांगितले होते!

मग मागच्या शरदात सफरचंदे काढताना तो शिडीवरून पडला. खुब्याचे हाड मोडले. जोडले, पण माणूस जुळला नाही. ऐंशीचा वीटुस वरच्या खोलीत खुर्चीत बसून राहिला. कुणी बिअरचे नाव काढले की म्हणायचा, "संपलं ते." माझ्यात आणि त्याच्यात अकरा पायऱ्या होत्या. त्याला उतरता येईना आणि मला चढता येईना. सात महिने माझा दांडा कुणी हलवला नाही. कोळ्याने नरसाळ्यात घर केले.

एका शुक्रवारी त्याची मुलगी ओटिली खाली आली आणि फोनवर बोलू लागली. "हो, सोमवारी या. जुनी सायकल आहे, पत्र्याचं पिंप आहे आणि एक लोखंडी चक्की." भंगारवाला होता तो! माझे रूळ गार पडले. तसे ते गारच असतात, पण तुम्हाला समजले असेल.

"आई, चक्की नाही हं!" जिन्यावरून ओटिलीची लेक झेंझी ओरडली. सोळा वर्षांची, कानात सदानकदा गाणी. "मी बिअर करीन आजोबांसाठी. गुपचूप."

"तू? अंडं उकडताना भांडं जाळलंस तू."

"ते वेगळं!"

ओटिली हसली आणि मग गंभीर झाली. "झेंझी, ती दिसली की मला त्यांचं पडणं आठवतं. ते काही आता खाली येत नाहीत. बरं, एकदा करून बघ. जमली तर राहू दे ती. नाही जमली तर सोमवारी जाणार. मग रडायचं नाही."

म्हणजे माझा जीव झेंझीच्या हातात, आणि झेंझीला आजोबांना काही विचारायचे नव्हते, कारण गुपित!

शनिवारी सकाळी तिने दुकानातून गव्हाच्या माल्टची एकच मोठी पिशवी आणली. मी वाट बघत होते, आता दुसरी येईल, आता सातूची येईल. कुठली येते! "गव्हाची बिअर म्हणजे गहूच ना," ती स्वतःशीच म्हणाली आणि मोजून दहा मापे नुसता गहू नरसाळ्यात ओतला. वर काय तर माझी पितळी कळ करकचून आवळली. बारीक दळले की रस जास्त, असा तिचा हिशेब. मला श्वास घेता येईना. दाणे माझ्या दातांत कटकट कटकट करत पीठ होऊन पडू लागले. मी करकरले, कुरकुरले, दांडा जड केला. तिने काय केले? मला तेल पाजले आणि गाण्याचा आवाज वाढवला. मित्रांनो, सगळे माहीत असून तोंड नसणे काय असते, ते त्या दिवशी मला विचारायला हवे होते.

पुढे व्हायचे तेच झाले. तिने ते पीठ भांड्यात गरम पाण्याने भिजवले आणि तोटी उघडली, तर तीन थेंब आले आणि बंद. आत कणकेचा लगदा बसला होता. झेंझीने तोटी ठोकली, फुंकली, काडी घातली. दुपार झाली होती. दुकाने बंद, ती आता थेट सोमवारीच उघडणार, आणि तोवर रस आंबून जाणार. ती माझ्या ओट्याला टेकून रडली. मग डोळे पुसून वर गेली. दार उघडेच राहिले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आजोबा, एक चूक झालीय."

"नुसता गहू घातलास ना, गाढवे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे! खालून नळाच्या पाइपातून आवाज येत होता. सातू असला तर खसखस वाजतो, ही सकाळपासून कटकट चाललीय. घसा फुटेस्तोवर ओरडलो मी, पण तुझ्या कानात ती बोंबाबोंब!"

"आता सगळं फेकायचं का हो?"

मग खुर्ची करकरली. "तुझ्या मावशीनं नाताळात दिलेली ती उशी काढ. हा, तीच, कुरकुर वाजणारी. डोकं टेकलेलं नाही मी तिच्यावर. आत धान्याची टरफलं भरलेली असतात."

"उशी घालायची बिअरमध्ये?"

"टरफलं घालायची! चांगली धुऊन घे. आणि मला खाली ने."

"बाबा!" ओटिली स्वयंपाकघरातून धावत आली. "अकरा पायऱ्या आहेत! वेड लागलंय का?"

"चालत कोण उतरतंय? बसून उतरतो. लहानपणी तू उतरायचीस तसा."

आणि उतरला की हो! एकेका पायरीवर टेकत, शिव्या देत, पुढे ओटिली, मागे झेंझी. मी पायऱ्या मोजत होते. सातव्या पायरीवर तो बराच वेळ थांबला. मला वाटले, संपले. मग आठवी वाजली.

खाली आल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. धुतलेली टरफले लगद्यात घालून घेतली, वर गरम पाणी सोडायला लावले, हलक्या हाताने ढवळून घेतले. "आता हात लावायचा नाही. बसू दे थर." पंधरा मिनिटे तिघेही तोटीकडे बघत बसले. मग झेंझीने तोटी उघडली. थेंब आला. दुसरा आला. मग बारीक धार लागली, आधी गढूळ, हळूहळू मधासारखी सोनेरी.

वाट बघताना वीटुसचा हात नकळत माझ्या कळीवर आला होता. त्याने ती दोन फेरे सैल केली. "केवढं आवळलंस हिला," तो झेंझीला म्हणाला.

ओटिलीने चमचाभर गोड रस चाखला. मग ती जिन्यावर जाऊन फोन करून आली. "सायकल न्या म्हटलं फक्त," ती म्हणाली.

ती बिअर काही फार ग्रेट झाली नाही, खरे ते सांगते. फेस झकास, पण अंगाने पातळ. वीटुसने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पेला मात्र पूर्ण संपवला. परवा तो पुन्हा बसत बसत खाली आला. झेंझी समोर तीन पिशव्या मांडून दाणे चावत होती. सहा मापे गहू, तीन सातू, एक तांबूस. तिने एक पिशवी बाजूला सारली. "ही मऊ लागतेय, आजोबा." त्याने दाणा चावला आणि मान डोलावली.

मित्रांनो, मी अजून त्याच चार स्क्रूंनी ओट्याला जखडलेली आहे आणि खिडकीतून अजून बूटच दिसतात. तक्रार नाही. पण तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात असेल. भंगारवाल्याला फोन लावण्याआधी त्याचा दांडा एकदा फिरवून बघा, दोन थेंब तेल घाला. आणि ते चालवणारे माणूस वरच्या खोलीत बसलेले असेल, तर कानातली गाणी काढून त्याच्याकडे जा. गुपित वगैरे राहू द्या. आधी विचारा, दाणे ओतायच्या आधी.