हेलमेटखालची निळी टोपी

रायपूर राजधानी झालं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझा गौतमदादा रोज कपाळावर लाल चट्टे घेऊन घरी यायला लागला. तो सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात फिटर होता. नव्या राज्यात तिकडे कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, आणि प्रत्येकाच्या गेटावर पाटी लागलेली असायची: हेलमेटशिवाय प्रवेश नाही. पण भट्टीजवळच्या उकाड्यात हेलमेटच्या आतल्या पट्टीखाली घाम साचायचा आणि कातडी सोलून निघायची. म्हणून लोक आधी गमछा गुंडाळत आणि त्यावर हेलमेट ठेवत. ते डगडगायचं. एकदा दादाचं हेलमेट शिडीवरून सुटलं आणि थेट सेफ्टीच्या साहेबांच्या पायाशी जाऊन पडलं.

"उद्यापासून गमछा दिसला तर गेटावरूनच वापस पाठवीन म्हणते तो," दादा जेवताना म्हणाला.

शर्मिष्ठावहिनी पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी ब्लाउज शिवायची. तिने जेवणं होऊ दिली, मग गळ्यातला टेप काढून दादाच्या डोक्याला गुंडाळला.

"हलू नका जरा. आन् ते हेलमेट आणा इकडं."

पहिली टोपी तिने जुन्या पांढऱ्या सुती चादरीची शिवली. डोक्याला चिकटून बसणारी, कपाळावर घाम टिपायला दुहेरी पट्टी, मानेवर उन्हासाठी एक झालर. हेलमेटचा पट्टा जिथे दाबतो तिथे शिवण येऊच दिली नाही. आठवडाभरात दादाचे चट्टे गेले. त्याच्या पाळीतल्या सगळ्यांनी टोप्या मागितल्या, मग दुसऱ्या पाळीतल्यांनी. वहिनीने ब्लाउजांची कामं बाजूला ठेवली. बुद्धविहारातल्या ओळखीच्या दोन बायका मशिनी घेऊन आमच्या ओसरीत बसायला लागल्या. मी बी.कॉम.ला होते, दुपारी कॉलेज सुटलं की काजं-बटणं माझ्याकडे.

कापड गोल बाजारातल्या भैय्यालाल सेठकडून यायचं. एकाच घरातून इतकं सुती कापड जातंय हे त्याच्या लक्षात आलं. एके दिवशी त्याने टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"दीदी, चीज बढ़िया है, पर सफेद कौन पहनेगा? नेताजी लगेंगे सब. ये देखो." त्याने चमकणाऱ्या निळ्या टेरिकॉटचा तागा उलगडला. "धोओ, झटको, सूख गया. रंग भी नहीं जाता. आजकल चमक बिकती है."

वहिनीने विचार केला आणि तागा घेतला. निळ्या टोप्या गेटावर पोचल्या तशा संपल्या. पांढऱ्यांकडे कोणी पाहीना. भैय्यालालने दुसरा तागा स्वतःहून पाठवला.

पंधरवड्यानंतर दादा पाळीवरून घरी आला. त्याने खिशातून एक निळी टोपी काढून मशिनीवर ठेवली. पुढच्या बाजूला भोक होतं, आणि भोकाच्या कडा वितळून कडक झाल्या होत्या.

"आमच्या पाळीतल्या राकेशची आहे. वेल्डिंगची ठिणगी उडाली. सुती असती तर जळून राख पडली असती. हे वितळून कपाळाले चिकटलं."

"डोळ्याले तर नाही ना लागलं?" वहिनीने विचारलं.

"नाही. थोडक्यात वाचला."

वहिनी उठून आत गेली. मी पाठोपाठ गेले तर ती नुसतीच ओट्याला धरून उभी होती. "माह्या हातची टोपी होती राधिका," एवढंच म्हणाली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि तिघींना सांगितलं, "निळं कापड बंद. जेवढ्या गेल्या तेवढ्या साऱ्या वापस आणू. बदल्यात सुती देऊ."

"घेतील का लोक?" मी विचारलं.

"काहून नाही घेणार?"

सकाळची पाळी सुटायच्या वेळी आम्ही दोघी पांढऱ्या टोप्यांची गाठोडी घेऊन कारखान्याच्या गेटाबाहेर उभ्या राहिलो. वहिनी प्रत्येकाला जळकी टोपी दाखवून समजावत होती. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि डोक्यावरची निळी काढायला मात्र तयार नसायचे. एकाने तर टोपी काढून खिशातच कोंबली. तेवढ्यात कपाळाला पट्टी बांधलेला राकेश आला. वहिनीला वाटलं, आता हा चार गोष्टी सुनावणार. तिने हात जोडले.

"अरे भाभी, ये क्या कर रही हो? ठीक हूँ मैं," तो संकोचून म्हणाला. त्याने पांढरी टोपी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. "पर बदल के देना है तो नीली ही दो. सफेद में मरीज लगता हूँ. एक तो पट्टी, ऊपर से ये!"

आजूबाजूचे सगळे हसले. वहिनीही हसली, त्या ठिणगीनंतर पहिल्यांदाच. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "राधिका, चल. गोल बाजार."

भैय्यालालच्या गादीवर तिने जळकी टोपी ठेवली. त्याने भोकाच्या कडक कडेवरून बोट फिरवलं.

"सेठ, तुमचं अर्धं बरोबर होतं," वहिनी म्हणाली. "लोकायले रंग पाहिजे. पण कापड सुतीच पाहिजे. जाड, पक्क्या रंगाचं."

"सूती में रंग उतरेगा, दीदी."

"उतरू द्या. रंग उतरला तर नवीन घेतील. कपाळ कुठून आणतील?"

तो हसला नाही, पण त्याने लगेच घाऊक कापड बाजारात आपला माणूस पाठवला. आठ दिवसांत निळा, हिरवा आणि विटकरी, तिन्ही रंगांत जाड सुती कापड आलं. या वेळी आम्ही गेटावर उभ्या राहिलो तेव्हा टेरिकॉटच्या टोप्या आपोआप पुढे आल्या. राकेशने पहिली निळी घेतली आणि लगेच घरच्यासाठी म्हणून एक हिरवीही मागितली. घरी कोण हेलमेट घालतं ते त्याने सांगितलं नाही.

त्या गर्दीत बाजूला सरिता उभी होती. ती कारखान्यात कोळसा निवडायचं काम करायची. हेलमेट तिच्या हातात होतं, डोक्यावर नव्हतं.

"दीदी, हमारा क्या?" तिने आपल्या अंबाड्यावर हात ठेवला. "खोपा के ऊपर हेलमेट बैठता ही नहीं. साहब रोज चिल्लाते हैं."

"उद्या सुट्टी झाली का घरी ये," वहिनी म्हणाली.

"हव, दीदी."

सरिता आली ती चौघींना घेऊन. ओसरीत बसून वहिनीने त्यांचे अंबाडे वर बांधले, खाली बांधले, वेण्या घालून पाहिल्या. शेवटी टोपीच्या मागच्या बाजूला नाडीने आवळता येणारी खिडकी ठेवली, तिच्यातून खालचा अंबाडा बाहेर आणि हेलमेट त्याच्या वर. सरिताने मान गदागदा हलवली, वाकली, उड्याही मारल्या. हेलमेट जागचं हललं नाही.

सेफ्टीच्या साहेबांनी बायकांच्या डोक्यावर हेलमेटं पाहिली आणि दादालाच विचारलं, हे कोणी केलं. मग कारखान्यानेच मागणी नोंदवली, पाठोपाठ शेजारच्या दोन कारखान्यांनी. पावसाळा संपेपर्यंत ओसरी पुरेना. आम्ही शेजारची खोली भाड्याने घेतली आणि सरिताच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दोघी शिवायला आल्या. टेरिकॉट मात्र पुन्हा आमच्या दारात आलं नाही.

दिवाळीनंतर भैय्यालाल स्वतः आमच्या खोलीवर आला. शहरात स्कूटरी किती वाढल्यात, कॉलेजच्या पोरी उन्हात तोंडाला ओढण्या गुंडाळून कशा फिरतात, हे त्याने रंगवून सांगितलं. "उनके लिए भी बनाओ, दीदी. रंग तुम बोलो, कपड़ा सूती, मेरी तरफ से."

"बनवू," वहिनी म्हणाली. "पण पहिले मी टोपी घालून स्कूटर चालवून पाहीन."

तिला स्कूटर येत नव्हती. महिनाभर मी तिला पोलीस लाइनच्या मैदानावर शिकवत होते आणि ती दर चक्कर झाली की थांबून टोपीची शिवण बोटाने चाचपत होती. मग एका रविवारी हेलमेट चढवून ती एकटीच बूढ़ा तालाबाला वळसा घालून आली, स्कूटर उभी केली आणि कात्री मागितली.

"कानापाशी शिवण टोचते," ती म्हणाली. "अर्धं बोट कमी करू."