शेगडीमागचा गणपती

फोडणीचं तेल भिंतीवर उडतं तेव्हा डाग गोल पडत नाही. थेंब ओघळतो आणि टोकाशी जाड होऊन थांबतो. आमच्या शेगडीमागच्या डिस्टेंपरवर असे ओघळ एकावर एक चढून तपकिरी थर झाला होता. नख लावलं की नखात चिकट मळ यायचा.

शेगडी माझ्या नवऱ्याने, भरतने, पुण्याहून आणलेली. जमिनीवर उभी राहणारी, चार बर्नरची, खाली ओव्हन. अख्ख्या राजुरीत अशी दुसरी नाही, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. ओव्हनमध्ये माझ्या सासूबाई, ठमाआत्या, पापड ठेवायच्या. सासरे शेगडीला गॅसचं कपाट म्हणायचे.

मी नारायणगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. जवळच वारूळवाडीला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. ते बोलायला तोंड उघडलं, तर भरत म्हणाला, "तुला हवं तसं स्वयंपाकघर करून देतो. सांग फक्त."

मी सांगितलं: शेगडीमागे साध्या पांढऱ्या टाइल्स. डाग पडला की दिसावा, पुसला की जावा. खोल्यांचं मनातच ठेवलं. ही एवढी भिंत माझ्या म्हणण्याप्रमाणे झाली तर इथेच राहायचं, असं मी ठरवलं होतं.

मग भरतने सल्ले घेतले. मेव्हण्याचा घेतला, सोसायटीच्या सेक्रेटरीचा घेतला, दाढी करता करता न्हाव्याचाही घेतला. यातल्या एकानेही कधी भाकरी थापली नव्हती. वर्षं गेली, थर वाढला. शेवटी एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर भिंत झालेली होती. कुशाबा गवंडी मोरीत हात धूत होता. भिंतीच्या मधोमध चार टाइल्स मिळून एक गणपती होता, मागे सोनेरी किरणं.

"मी पांढऱ्या सांगितल्या होत्या."

"पांढऱ्या मुतारीत लावतात," भरत म्हणाला.

आत्यांनी हात जोडले, मग जवळ जाऊन निरखलं. "आरं, ह्यो उजव्या सोंडंचा हाय. लई कडक असतो. ह्याच्याम्होरं आयतवारी मटान शिजवायचं व्हय?"

"दुकानात डाव्या सोंडंचा न्हवता," कुशाबा म्हणाला.

"मग काढून टाका," मी म्हणाले.

"देवावर छिन्नी मारू? मी नाय मारनार, ताई. दुसरा गवंडी बघा."

सासरे बाहेरून म्हणाले, "मला आयतवारी मटान लागतं. देवाला म्हनावं, डोळं मिटून घे."

भरतला ही कल्पना फार आवडली. त्याने भिंतीला तार ताणून आकाशी रंगाचा नायलॉनचा पडदा लावला, खाली झालर. चार बर्नरच्या मागे. रविवारी ओढायचा, एरवी सारायचा.

"नायलॉन वितळतं," मी म्हणाले. "त्याचे थेंब पेटतच खाली पडतात."

"तुझं कॉलेज कॉलेजात ठेव."

पहिल्याच रविवारी, वाटण परतताना, खिडकीतून वारा आला आणि झालर ज्योतीवर गेली. पेटते थेंब शेगडीवर पडले, एक माझ्या मनगटावर. मी रेग्युलेटर बंद केला आणि पडदा सांडशीने ओढून मोरीत टाकला. वितळलेलं नायलॉन टाइल्सवर चिकटून काळं झालं होतं. गणपतीची सोंड आता कुठल्या बाजूची, ते कळत नव्हतं.

"मटान वाचलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

आत्या देवाची क्षमा मागत होत्या. भरत कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होता. विचार करताना तो असाच उभा राहतो, त्यामुळे लोकांना तो विचारी वाटतो.

"सोपं आहे," तो म्हणाला. "शेगडीच हलवू. देव राहील देवाच्या जागी."

मी मनगट नळाखाली धरलं होतं. "चूल वेगळी करायची," मी म्हणाले.

"अगं, तेच म्हणतोय मी. पण कुठल्या भिंतीला?"

"वारूळवाडीला."