तेजाबावर पाणी

मोमिनाबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांना सोडा लागायचा, आणि सोड्याला लागायचं गंधकाचं तेजाब. पाण्यात कालवलेल्या खडूवर ते थोडं थोडं सोडलं की वायू उठतो. तोच पुढं बाटलीत कोंबायचा. राधाकिशनशेठच्या कारखान्यात हे काम माझ्याकडे होतं. धाकटा भाऊ सुग्रीव घाटनांदूरला नुसताच हिंडत होता, म्हणून त्यालाही मीच इथं आणला.

तेजाब आधी पातळ करावं लागे. पहिल्याच दिवशी त्याचा कान पिळून सांगितलं, "पान्यात तेजाब घालायचं, दमानं. तेजाबात पानी कधीच न्हाई. उसळून तोंड जाळतंय, बघ." रोज सकाळी त्याच्याकडून हे म्हणवून घ्यायचो. माझ्याइतका शहाणा माणूस पंचक्रोशीत नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

तेजाबाची मोठी काचेची बरणी गवत भरलेल्या टोपलीतून यायची. ओघळ लागून लागून एका टोपलीचं बूड कुजलं होतं, ते कुणी बघितलंच नाही. चैतातल्या दुपारी सुग्रीवनं ती उचलली आणि बरणी खालून निसटून फरशीवर फुटली. तेजाब उडालं ते थेट त्याच्या डोळ्यांत.

बाटल्या धुणारी छबुबाई भरली घागर घेऊन धावली. "सरका त्रिंबकराव, पानी ओतू द्या!"

मी तिचा हात धरला. "येडी का काय तू? तेजाबावर पानी? उसळंल ते! आन् भाजल्याला कुनी पानी लावतंय व्हय? फोड येत्यात!"

"शेठच म्हनलते, आंगावर उडालं तर मोकार पानी ओता," ती रडत म्हणाली.

मी ऐकलं नाही. आमच्याकडे भाजलं की तूप लावतात. शेठच्या घरून वाटीभर तूप आणून मी माझ्या बोटांनी त्याच्या डोळ्यांत घातलं. तो गुरासारखा ओरडत होता आणि मी त्याला दाबून धरला होता.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "थोड्या पाण्यानं तेजाब उसळतं, पण घागरभर पाणी ओतलं तर ते वाहून जातं. लगेच धुतलं असतं तर एक डोळा तरी राहिला असता."

पुढं दोन महिने सुग्रीव भेटेल त्याला सांगायचा, "दादा हुता म्हनून वाचलो." ऐकून माझ्या काळजाला घरं पडायची. शेवटी एक दिवस त्याच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला ठाव नव्हतं ना दादा?"

"नव्हतं रे."

"मंग आता दुसऱ्या कुनाला सांगू नगं. लोक तुला बोल लावतील."

आणि हसला. माझ्याकडे बघूनच हसत होता बिचारा, पण तोंड भिंतीकडे होतं. मी दुसऱ्या अंगाला बसलो होतो. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली असती, तरी मी सुटलो असतो.