खाली नाव आहे ना

या, असे जवळ येऊन बसा. दार तेवढं लोटून घ्या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट देवाच्या गाण्यांची आहे, पण तीत देव कुठेच बोलत नाही. बोलतात ती माणसं, आणि तीही सख्खी.

इस्पितळाच्या नोंदणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या एक ताई होत्या. त्याच इस्पितळाच्या तळघरात, शिवणखोलीत, सुईमावशी चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवायच्या. मावशींना अक्षराची ओळख नव्हती. पण शिलाई मशीनच्या पायडलवर पाय पडला की तोंडातून गाणं निघायचं, कुणी न शिकवलेलं, त्यांचं स्वतःचं. ‘फाटलं ते तू जोड रे देवा, माझ्या हाती नुसता दोरा’, असलं काहीतरी. कागद घेऊन जिना उतरणाऱ्या ताई मधल्याच पायरीवर उभ्या राहायच्या, आणि वर साहेब वाट बघत बसायचे.

पुढे ताई निवृत्त झाल्या. मावशींची नजर गेली, त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. ही गाणी मावशींबरोबर जाऊ द्यायची नाहीत, इंटरनेटवर ठेवायची, असं ताईंनी मनावर घेतलं. मावशींनी एकच अट घातली.

“ने बाई सगळी. पण प्रत्येकाच्या खाली माझं नाव असू दे. आणि सुईमावशीच लिही हं. त्या कागदोपत्री नावानं आता देवसुद्धा मला ओळखायचा नाही.”

साइट उभी करून दिली ताईंच्या धाकट्या भावाने. हा त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा, देवाची गाणी म्हणायचा, लोकांत त्याचं नाव होऊ लागलं होतं. आई आजारी असायची, म्हणून ताईंनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला.

“हे बघ ताई, पडद्यावर डावीकडे तुझा कॉम्प्युटर, उजवीकडे साइट. डावीकडची फाइल उचलायची आणि उजवीकडे नेऊन सोडायची. चढली. बाकी उजवीकडे हात लावू नकोस, तिकडचं मी बघतो.”

“आणि माझ्या हातून बिघडलं काही तर?”

“तुझ्या हातून? तू भाजीच्या यादीलासुद्धा क्रमांक घालतेस.”

तीन वर्षं हा नेम चालला. तीन-चार आठवड्यांनी एखाद्या रविवारी सकाळी ताई मावशींकडून उतरवून आणलेलं एक गाणं टाइप करायच्या, खाली ‘रचना : सुईमावशी, शिवणखोली’ असं लिहायच्या आणि फाइल चढवायच्या. मग पान नीट दिसतंय का, ते बघायच्या. इथेच त्यांची चूक व्हायची. त्या साइट उघडतच नव्हत्या. डावीकडच्या, घरच्या फाइलवर दोनदा क्लिक करायच्या, पान उघडायचं, तळाशी नाव दिसायचं, आणि ताईंना वाटायचं, जगाला दिसतंय ते हेच. लगेच मावशींना फोन जायचा.

“खाली नाव आहे ना गं?”

“आहे मावशी. आत्ताच बघितलं.”

एका रविवारी बेचाळिसावं गाणं चढता चढता लाइन गेली. परत आली, तेव्हा कुठपर्यंत गेलं ते कळेना. ताईंनी विचार केला, सगळं फोल्डरच उचलून टाकू. टाकलं, तर पडद्यावर प्रश्न आला. तिकडची फाइल तुमच्या फाइलपेक्षा नवी आहे, तिच्या जागी तुमची ठेवायची का?

ताईंचा हात थांबला. पहिलं गाणं तीन वर्षांपूर्वीचं. त्याची तारीख वर्षभरापूर्वीची कशी? दुसऱ्याची तीच. दहाव्याची तीच. नोंदणीतलं माणूस, तारखेला फसत नाही. एरवी फक्त बोलण्यापुरता वापरायच्या, तो फोन त्यांनी काढला आणि साइटचा पत्ता पहिल्यांदाच त्यात टाकला.

गाणी होती. शब्द तेच, काना-मात्रेसकट. तळाशी धाकट्याचं नाव होतं, आईवडिलांनी ठेवलेलं, पूर्ण. ताईंनी एकेक करून एकेचाळीस पानं उघडली. सुईमावशी कुठेच नव्हत्या.

आधी वाटलं, आपल्याच हातून काही झालं असेल. माया अशीच असते बघा, डोळ्यांनी दिसलं तरी मन दुसरीकडे वाट शोधतं. त्यांनी धाकट्याला खाली हाक मारली.

“हे तू केलंस?”

त्याने फोनकडे बघितलं. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात घालू.

“ताई, मी बैठकीत ही गाणी म्हणतो. लोक विचारतात, कुणाची? शिवणखोलीतल्या बाईची म्हटलं की हसतात. चार माणसं ऐकतात ती माझ्या गळ्यामुळे.”

“गळा तुझा. गाणं तिचं आहे.”

“तिला कुठे दिसतंय?”

“मला दिसतं ना. आणि मी दर वेळी तिला आहे म्हणून सांगत होते. माझ्या तोंडून तू खोटं वदवलंस, तीन वर्षं.”

“तीन नाही. पहिली दोन वर्षं होतं नाव.”

ताईंनी माउस धरला, ‘सगळ्यांसाठी हो’ दाबलं आणि बेचाळीस फाइली उजवीकडे जाताना बघत राहिल्या. धाकटा जिना चढून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी साइट उघडली, तर तळाशी पुन्हा त्याचंच नाव. आत शिरायला गेल्या, तर पासवर्ड चालेना. वर जाऊन विचारलं, तेव्हा तंबोऱ्याच्या तारा लावता लावता तो म्हणाला, “तुझ्या कॉम्प्युटरवर आहे की तिचं नाव. इतके दिवस तेच बघत होतीस ना? तेच बघ.”

कडेवर वाढवलेल्या पोराचं हे बोलणं. ताई कठड्याला धरून खाली उतरल्या.

रविवारी त्या वृद्धाश्रमात गेल्या. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. खाटेवर शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही झाकली नाही. मावशी चादरीच्या काठावरून बोट फिरवत होत्या, शिवण चाचपावी तशा.

“म्हणजे नव्हतं.”

“वर्षभर नव्हतं, मावशी. मला माहीत नव्हतं.”

“मला दिसत नाही म्हणून तुला विचारत होते. तू आत्ताच बघितलं म्हणायचीस.”

“बघितलं होतं. पण माझ्या घरचं.”

मावशींनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. “आणखी एक होतं, शेवटचं. तुला म्हणून दाखवायचं ठरवलं होतं. आता राहू दे. ते मी वर देवापुढेच म्हणेन.”

ताई संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. मावशींनी गाणं म्हटलं नाही, आणि ताईंनी मागितलं नाही.

एवढीच गोष्ट. मागणं एकच आहे. फाटलं ते जोडायला सांगणारं गाणं कधी तुमच्या कानावर पडलं, तर गळ्याला खुशाल दाद द्या. पण हात जोडाल तेव्हा मनात एकदा म्हणा, सुईमावशी, शिवणखोली. तेवढी आठवण ठेवा.