दोन मिलिमीटर

परीक्षेला बसायचं तर सात रूट कॅनाल पूर्ण हवेत, आणि तिचे झाले होते सहा. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. सातवा दात आत्याचा. दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला मुलं घरच्यांच्या तोंडात डोकवायला लागतात, तसं तिनेही सगळं गणगोत पालथं घातलं होतं. आत्या दाताच्या डॉक्टरला वाघाला घाबरावं तशी घाबरायची. केवळ भाची आहे म्हणून आली, आणि बाहेरच्या बाकड्यावरच्या यच्चयावत पेशंटना भाचीचं कौतुक ऐकवून मगच आत शिरली.

दाढेच्या मुळांत गुलाबी रबराच्या काड्या भरून तिने एक्स-रे काढला. मागच्या मुळातलं भरण टोकापाशी दोन मिलिमीटर कमी पडलं होतं. तेवढ्या पोकळीत जंतू राहिले की पुढेमागे गाल टम्म सुजतो, हे तिने स्वतः पेपरात दोनदा लिहिलं होतं.

यावर एक तोडगा होता, पुस्तकात नसलेला, पण वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला इमानेइतबारे शिकवलेला. एक्स-रेची नळी जरा तिरकी धरायची. फोटोत मूळ आखूड दिसतं आणि उणीव झाकली जाते. तिने तेच केलं. पहिला फोटो एप्रनच्या खिशात कोंबला. काम तपासणाऱ्या सरांनी दुसरा उजेडात धरला, "छान" म्हणाले आणि सही ठोकली.

ती परत आली तेव्हा आत्या खुर्चीवरून उतरून चपला घालत होती.

"झालं ना गं? कळलंसुद्धा नाही बाई! आता पुढच्या आठवड्यात तुझ्या आजीला आणते. तिला सांगितलंय, डोळे झाकून ये, आपल्याच पोरीचा हात आहे."

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तशीच ती सरांच्या टेबलाशी गेली आणि खिशातला फोटो पुढे केला.

"सर, हा आधीचा."

सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "नळी तिरकी केलीस?"

"हो."

त्यांनी सहीवर आडवी रेघ मारली. "मूळ रिकामं कर, औषध घाल, आठ दिवसांनी पुन्हा भर."

"आणि यादी, सर?"

"यादी आजच बंद होतेय. पुढच्या खेपेला बस."

आत्याला तिने सगळं सांगितलं, तिरक्या नळीसकट.

"म्हणजे परीक्षा बुडाली?"

"हो."

"आणि बोलली नसतीस तर?"

"बसले असते. तुझी दाढ कदाचित सुजली असती."

आत्या म्हणाली, "आजीला इतक्यात नाही आणत मी."

परीक्षेपेक्षा हे जास्त लागलं. ती मान खाली घालून हातमोजे चढवत राहिली. आत्याने चपला काढल्या, पुन्हा खुर्चीत बसली, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तोंड उघडलं.