उष्टी पानं

आर्नहेमला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले, तरी दामूअण्णांची एकच तक्रार होती. दूध चांगलं, पाणी चांगलं, जावई शांत स्वभावाचा, वैदेही तर काय, ऑफिसातून दमून आली तरी आधी बापाला चहा टाकणारी. पण या गावात कीर्तन नाही. लोणंदच्या एस.टी. डेपोत चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारल्या आणि संध्याकाळी जिथं कुठं बुवा उभे राहतील तिथं पहिल्या रांगेत मांडी ठोकली, अशा माणसानं तीन महिने नुसत्या कॅसेटवर कसे काढायचे?

"अण्णा, शनिवारी भजन आहे ना आपल्याकडे," वैदेही म्हणाली.

"भजनात जीव रमतो गं. पण कीर्तनात काहीतरी कळतं."

शनिवारी पंधरा-सोळा मराठी माणसं जमली. बहुतेक सगळी कॉम्प्युटरवाली. भजन आटोपल्यावर नागपूरची एक सडसडीत मुलगी पोह्यांची बशी घेऊन अण्णांच्या शेजारी बसली. तिचं नाव शर्वरी. बसनं अर्ध्या तासावरच्या विद्यापीठात ती वनस्पतींवर पीएच.डी. करत होती.

"काका, मी बौद्ध आहे. मला यातलं फारसं कळत नाही. खरं सांगू, मी पोह्यांसाठी येते."

"मग प्रसाद समजून खा की."

"नको, प्रसाद म्हटला की दुसऱ्यांदा मागता येत नाही. पोहेच असू देत."

अण्णा मोठ्यानं हसले. पोरगी त्यांना तिथंच आवडली. मग कुणीतरी तिला तिच्या कामाचं विचारलं आणि ती बशी हातात घेऊनच उभी राहिली. आफ्रिकेत गॅबॉन म्हणून देश आहे, म्हणाली. तिथं नदीकाठी एक दलदलीचं जंगल आहे. आठ महिने पाण्यात उभं. झाडांची मुळं गुडघ्यांसारखी पाण्याबाहेर आलेली. तिथं कोणतं झाड आहे, त्याचं पान कोण खातं, खाणाऱ्याला कोण खातं, हे आजवर कुणी नीट पाहिलेलंच नाही. जाणारे चार जण, तेही आठवड्यात परत फिरलेले. "मग विचार करा," ती म्हणाली आणि थांबली. खोलीत कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. "ज्याचं नावच आपल्याला माहीत नाही, ते नाहीसं झालं तर आपल्याला कळणार कसं?"

अण्णा सावरून बसले. हे तर कीर्तनच. प्रश्न टाकायचा, थांबायचं, ऐकणाऱ्याला आत ओढायचं. फक्त मागं टाळकरी तेवढे नव्हते.

"माझ्याजोगं काही काम असेल तर सांग," ते पोरीला म्हणाले.

काम होतं. आणि निकडीचं होतं. अशा अनोळखी जंगलांच्या अभ्यासाला मदत करणारी एक छोटी संस्था होती. तिच्याकडे जूनच्या अखेरीस शर्वरीला अहवाल द्यायचा होता. अहवाल पटला, तर पुढचा हंगाम ती पुन्हा जंगलात. नाही पटला, तर काम अर्ध्यावर बंद. तिनं आणलेल्या एकशे बारा वाळक्या फांद्या जाड कागदांवर चिकटवायच्या राहिल्या होत्या, आणि तिला परवान्यांच्या कामासाठी तीन आठवडे गॅबॉनला जाणं भाग होतं.

"पानांचं काम?" अण्णा म्हणाले. "अगं, आम्ही जातीचे गुरव. शंकराला बेल वाहायचा आणि गावजेवणाला पत्रावळी लावायच्या, यात आमच्या पिढ्या गेल्या."

जाण्याआधी तिनं त्यांना विद्यापीठातल्या वनस्पतिसंग्रहाच्या खोलीत नेऊन योकेबाईंच्या हवाली केलं. योकेबाई सत्तरीच्या, दर मंगळवारी-गुरुवारी फुकट काम करायला सायकलवरून येणाऱ्या. त्यांना इंग्रजी बेताचं, अण्णांना त्याहून बेताचं. पण हातांचं बोलणं दोघांनाही येत होतं. डिंक असा पातळ करायचा, फांदी अशी मांडायची, जाड देठ सुई-दोऱ्यानं टाचायचा, आणि एक तरी पान पालथं ठेवायचं, म्हणजे पाठच्या शिरा दिसतात.

पालथं! अण्णांना तर घरी आल्यासारखं वाटलं. पिंडीवर बेल पालथाच वाहतात.

ते रोज जायला लागले. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, डबा घेऊन. कागदावर फांदी ठेवण्याआधी ती नीट पारखायची, हा हाताचा जुनाच सराव. आणि फांद्या तरी कशा! निम्म्या पानांना भोकं. काहींच्या कडा कुरतडलेल्या, काहींवर फोडासारख्या गाठी. अण्णांना वाईट वाटलं. पोरगी एवढ्या लांबून आणते आणि मोठ्या लोकांपुढं हे असलं ठेवणार? किडकं पान देवाला चालत नाही, आणि पत्रावळीला भोकाचं पान लावलं तर आमटी जेवणाऱ्याच्या मांडीवर. त्यांनी छोटी कात्री घेतली आणि खराब पान तेवढं देठाशी तिरकं कापून बाजूला केलं. एक एक करत सगळी. उरलेली पानं ऐसपैस मांडली. कागद असा देखणा दिसायला लागला, की योकेबाई दोन्ही हात गालाला लावून "मोई, मोई!" म्हणाल्या. म्हणजे छान.

कापलेली पानं त्यांनी कचऱ्यात टाकली नाहीत. ज्या हातानं आयुष्यभर निर्माल्य उचललं, तो हात कचऱ्याच्या डब्याकडे वळायचा नाही. त्या त्या दिवसाची पानं पावाच्या रिकाम्या पिशवीत भरून, पिशवीला तारीख लावून, ते घरी न्यायचे. पहिल्या रविवारी ऱ्हाइनच्या काठी गेले आणि त्या आठवड्याच्या पिशव्या वाहत्या पाण्यात रिकाम्या केल्या. हात जोडले. शेजारी कुत्रा फिरवणारा एक म्हातारा उगाचच टोपी काढून उभा राहिला. पुढं गुडघा धरला, तेव्हा उरलेल्या दोन आठवड्यांच्या पिशव्या बाल्कनीतच राहिल्या.

तीन आठवड्यांनी शर्वरी परत आली. उन्हानं रापलेली, डोळ्यांत झोप. अण्णांनी एकशे बारा कागदांची चळत तिच्यापुढं ठेवली आणि लेकीच्या लग्नात रुखवत मांडलेल्या माणसासारखे बाजूला उभे राहिले.

तिनं पहिला कागद पाहिला. दुसरा. मग दहावा, विसावा. तिचा हात हळू व्हायला लागला.

"काका, खाल्लेली पानं कुठंयत?"

"वेचून काढली," अण्णा अभिमानानं म्हणाले. "एकही ठेवलं नाही."

शर्वरी खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिथं ती भोकंच मोजायला गेले होते."

अण्णांना आधी समजलंच नाही. तिनं समजावलं. कुठल्या झाडाची किती पानं खाल्ली, भोक गोल की लांबट, गाठ वर की खाली, त्यावरून खाणारा कोण ते कळतं. तीच तिची सगळी कमाई. आता हे कागद पाहणारा म्हणेल, या जंगलात किडाच नाही.

"मीच मूर्ख," ती म्हणाली. "जायच्या घाईत सांगायचं राहिलं. योकेला वाटलं असणार, मीच असं सांगून गेलेय. आणि तुम्ही ती टाकली असतील."

"टाकीन कसा? घरी आहेत!" अण्णांना हायसं वाटलं, पण अर्धाच क्षण. मग त्यांचा चेहरा पडला. "पहिल्या आठवड्याची मात्र... नदीला दिली गं."

पहिल्या आठवड्याचे कागद चौतीस होते.

त्या संध्याकाळी अण्णांनी कॅसेट लावली नाही. वैदेहीनं ताट वाढलं, तेव्हा म्हणाले, "चौदा वर्षांचा असल्यापासून देवळाची पाळी केली. पण या पोरीचा देव कोणता ते विचारलंच नाही मी. आपल्याच देवाचे नियम लावून बसलो."

"अण्णा, जेवा आधी. आणि उद्या पिशव्या घेऊन जा. रडून पानं परत यायची नाहीत."

"रडतंय कोण? डोळ्यात कांदा गेलाय."

"कांदा मी कापला, आणि तो स्वयंपाकघरात," वैदेही म्हणाली, आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पिशव्या टेबलावर आल्या. प्रत्येक पिशवीवर तारीख, आणि योकेबाईंच्या वहीत कोणत्या दिवशी कोणते कागद झाले त्याची नोंद. एका दिवसाचे सात-आठ कागद, झाडं बहुतेक वेगवेगळी. ती पानं सहज लागली. घोटाळा होता तो एकाच दिवशी एकाच जातीच्या दोन फांद्या आल्या तिथं. तिथं अण्णा कामाला आले. पान चिमटीत धरायचं, कापलेल्या देठाशी लावून बघायचं. जाडी जुळते का, तिरका काप बसतो का.

"हे इथलं नाही," ते म्हणायचे. "हे शेजारचं. उपऱ्यासारखं बसतंय."

"काका, खात्री?"

"बाई, लग्न जुळवताना एवढं बघत नाहीत."

आठ दिवसांत अठ्ठ्याहत्तर कागदांची पानं आपापल्या घरी गेली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कागदी पुडी चिकटवली आणि पानं तिच्यात ठेवली. पुड्या अण्णांनीच बांधल्या, वाण्याच्या पुडीसारख्या, न उसवणाऱ्या. काम करता करता एकदा शर्वरीनं विचारलं, "पण किडकं पान देवाला का चालत नाही?"

अण्णा विचारात पडले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "उष्टं झालं ना ते. कुणीतरी आधी तोंड लावलेलं."

"आमच्याकडे फूल वाहताना ते कोमेजणार, हेच आठवायचं असतं."

"असं?" म्हणून अण्णांनी हातातलं चाळणी झालेलं पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "कुणाचं तरी पोट भरलं म्हणायचं यानं. म्हणजे अन्नदानच झालं की."

राहिले चौतीस. शर्वरीनं ते बाजूला काढले. "हे सोडून द्यावे लागतील. शुक्रवारी हेंकला सांगते."

"हेंक कोण?"

"माझे प्रोफेसर."

"सरांना नावानं हाक मारतेस? बरं. मग मीही येतो. चूक माझी आहे, ती तुझ्या तोंडून का जावी?"

ती नको नको म्हणाली. पण अण्णांनी ऐकलं नाही. आदल्या दुपारी त्यांनी ते चौतीस कागद पुन्हा एकदा भिंगाखाली घेतले, नुसतेच, निरोप घेतल्यासारखे. आणि तिसऱ्याच कागदावर त्यांचा हात थांबला. फांदीवर नखाएवढे देठ उरले होते, तिरके कापलेले. पान आपणहून गळतं तिथं गुळगुळीत वण राहतो. ओरबाडलं तर चिंधी लोंबते. हा तिरका काप त्यांच्या कात्रीचा होता, दुसऱ्या कशाचाच नाही.

"शर्वरी! अगं, मी चांगलं पान एकही कापलेलं नाही. म्हणजे जेवढे तिरके देठ, तेवढी खाल्लेली पानं!"

ती धावत आली. दोघांनी पहिली फांदी मोजली. सोळा पानं शाबूत, अकरा तिरके देठ. कोणी खाल्लं ते कळणार नव्हतं. किती खाल्लं ते कळत होतं.

शुक्रवारी हेंक नावाच्या त्या उंच, वाकलेल्या माणसापुढं अण्णा टोपी घालून उभे राहिले. मराठीत बोलले, शर्वरीनं त्याचं इंग्रजी केलं. बेलापासून सुरुवात केली, पत्रावळीवर आले, आमटीवर थांबले, कात्री सांगितली, नदी सांगितली, काही लपवलं नाही. हेंकनं मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग भिंग घेऊन खिडकीशी गेला आणि तिरके देठ पाहत राहिला.

"यांनी चुकूनही चांगलं पान कापलं नसेल?" त्यानं विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "देवाच्या कामात चांगलं पान फुकट घालवायचं नसतं. पण अंधुक उजेडात एखादं गेलं असेल, तर ते मी शपथेवर सांगणार नाही. त्या आठवड्यात बुधवारी फार ढग होते."

हेंक पहिल्यांदाच हसला. बुधवारचे सात कागद वगळू, म्हणाला. उरलेले सत्तावीस वेगळ्या तक्त्यात जातील, फक्त मोजणीसाठी. आणि पानं कशी कापली ते कापणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. ते अहवालाला जोडलं जाईल. असं काम लपवलं तर संस्था नाकारते, सांगितलं तर विचार करते, असं त्याचं म्हणणं.

दहा दिवसांनी संस्थेचा होकार आला. शर्वरी पुढच्या हंगामात जंगलात जाणार होती. ती बातमी सांगायला थेट आर्नहेमला आली, तेव्हा वैदेहीनं आधी पोहे टाकले.

"तुमचं निवेदन त्यांना आवडलं, काका. पण माझे किती हाल झाले माहितेय? तुम्ही लिहून दिलं होतं नऊ पानांचं. त्यात नमन तीन पानांचं."

"नमनाशिवाय सुरुवात कशी करायची?"

"मी इंग्रजीत चार ओळी केल्या."

"चार!" अण्णा कळवळले. "आणि शेवटची आरती?"

"खाली तुमचं नाव आणि गाव लिहिलंय."

अण्णांनी थोडा विचार केला. "लोणंद नीट लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं, आणि तिच्या बशीत न विचारता आणखी पोहे वाढले.